परवाना : ठाणे-कल्याणच्या बंदुकीचा हिशोब

उर्दू शायरीत परवाना म्हणजे शमेभोवती घिरट्या घालून शेवटी तिच्यावरच जळून जाणारा पतंग. सरकारी कचेरीत परवाना म्हणजे सही-शिक्क्याचा कागद. दोन्ही अर्थ एकाच फारसी शब्दाचे. वर्गात मुलांना हा शब्द शिकवताना आम्ही दोन्ही अर्थ सांगतो आणि मुले हसतात. पण ज्यांच्या घरात बंदुकीचा परवाना आहे किंवा एकेकाळी होता, त्यांना हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर वाटत नाहीत.

बंदुकीची बरीचशी भाषा आपल्याकडे अशीच दुरून आली. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे एक कठीण, गोल कवचाचे फळ. पुढे तशाच आकाराची गोळी आणि मग ती गोळी फेकणारे हत्यार. ‘तोफ’ तुर्कीतून आली. ‘दारू’ फारसीत औषध होते. मराठीत ते नळीत ठासण्याचेही झाले आणि पेल्यात ओतण्याचेही. औषधाची अशी गत झाली, यातच पुढची बरीचशी हकिकत आली.

बंदुकीविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते दोनच सुरांत. एक पराक्रमाचा, दुसरा गुन्ह्याचा. जो माणूस पराक्रमी नव्हता आणि गुन्हेगारही नव्हता, ज्याने फक्त इज्जतीसाठी, हौसेसाठी किंवा भीतीपोटी बंदूक बाळगली, त्याच्या वाट्याला काय आले? ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि आसपासच्या मुलखाचा इतिहास या बाजूने चाळला की एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. बंदूक मालकाची राखण क्वचितच करते. मालकाला मात्र जन्मभर तिची राखण करावी लागते.

तोडा, ठासणी आणि कोकणचा पाऊस

कल्याण हे खाडीवरचे जुने बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते आदिलशाहीकडून घेतले. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेले. या सगळ्या झटापटींत बंदुका होत्या. पण त्या बहुतेक तोड्याच्या होत्या. म्हणजे सोऱ्यात भिजवलेली सुताची वात पेटती ठेवायची, चाप ओढला की ती वात कानातल्या दारूला लागायची आणि बार उडायचा. पावसाची एक सर आली की तोडा विझे आणि दारू ओली होई. रात्री पेटता तोडा लांबून शत्रूला दिसे. चार महिने आभाळ गळणाऱ्या या मुलखात बंदूकवाला शिपाई पावसाळ्यात जवळजवळ निःशस्त्रच असे. मोहिमा दसऱ्यानंतर निघत, त्यामागे भरलेल्या नद्या आणि चिखल होताच, पण ओली दारूही होती.

पुढे चकमकीची बंदूक आली, टोपीची आली, काडतुसाची आली. खाडीची खारी हवा मात्र तीच राहिली. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी पुसून तेल लावले नाही तर आत गंज धरतो. जुनी कागदी काडतुसे दमट हवेत फुगत आणि नळीत जातच नसत. ठासणीच्या बंदुकीत दारू कमी पडली तर गोळी पाच पावलांवर पडे, जास्त झाली तर नळी फुटून ठासणाऱ्याचाच हात जाई. शिकारीच्या गप्पांत हे कुणी सांगत नाही.

बक्षीस वाघाचे, बंदी बंदुकीची

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही आला. एकाच सालात हात आणि जीभ दोन्ही बांधले गेले. या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनाला त्यातून सूट मिळाली.

तेव्हाचा ठाणे जिल्हा आजच्यासारखा सिमेंटचा नव्हता. मुरबाड, शहापूर, कसारा या बाजूला दाट रान होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये वाघ-बिबट्यांची नोंद आहे. सरकार हिंस्र जनावर मारणाऱ्याला बक्षीस देई आणि त्याच सरकारच्या कचेरीत बंदूक मागणारा शेतकरी संशयित ठरे. परवाना मिळे तो बहुधा वतनदार, सावकार किंवा सरकारदरबारी ऊठबस असलेल्याला. बंदूक संरक्षणाची वस्तू न राहता प्रतिष्ठेची झाली ती अशी. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली दुनळी म्हणजे साहेबाची मर्जी असल्याचा दाखला. आमच्या कोकणी मुसलमान समाजातील काही जुन्या घरांनीही हा दाखला अभिमानाने मिरवला. मर्जी गेली की परवानाही जाऊ शकतो, हे त्या अभिमानात विसरले जाई.

१८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही १९१८ साली एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत मोजला. परवान्यातला वंशभेद १९२० च्या नियमांनी काढला गेला.

दरम्यान ठाण्याने बंदुकीचा आणखी एक गुण पाहिला. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे, तसेच कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. लंडनहून लपवून आणलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक त्या प्रकरणात होते आणि त्यांचा माग काढत सरकार थेट सावरकरांपर्यंत पोचले. हत्यार बोलत नाही असे म्हणतात. पण कचेरीत त्याच्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नसतो.

१९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातलेला होता. स्वराज्य आल्यावर हा हक्क मिळेल असे अनेकांना वाटले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडलीही. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. हा हक्क सरसकट सर्वांना दिला तर चोर आणि गुंडही तोच हक्क सांगतील, हा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. ज्यांच्या समाजाने शतकानुशतके अन्याय सोसला, त्या माणसाने हे उत्तर दिले, हे आम्हाला विशेष वाटते. दुबळ्याची राखण हत्याराने होत नाही, कायद्याने होते, हे त्यांनी ओळखले होते.

पिवळ्या गळ्याची चिमणी

शिकारीच्या हौसेची गोष्ट निघाली की आम्हाला डॉ. सालिम अलींची आठवण होते. मुंबईच्या मुसलमान घरातले हे पोर. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारी. त्यांनी दिलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने मुलाने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि ती कोणती हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. तिथून भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. पुढे संशोधनासाठी त्यांनी बंदूक वापरली, पण त्या घरातल्या बंदुकीने दिलेली मोलाची वस्तू कोणती? मेलेल्या पाखराबद्दल पडलेला प्रश्न. बाकी हजारो घरांतल्या बंदुकांनी पाखरे पाडली आणि प्रश्न एकही दिला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा खेळ संपवला. त्यानंतर शिकारी बंदुकीचे काम उरले नाही, परवान्याचे नूतनीकरण तेवढे उरले. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेत एका इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली. शहरात परवान्याच्या बंदुका कमी नव्हत्या. कामाला आले ते वनखात्याचे बेशुद्धीचे इंजेक्शन.

कागदाचे ओझे

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला आणि त्यात वेळोवेळी बदल झाले. एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत, ती संख्या २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली. तिसरे असेल तर जमा करणे आले. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली. २०१६ च्या नियमांनी हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक केले. किती काडतुसे घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. परवाना राज्यापुरता असेल तर हद्द ओलांडताना बंदूक नेता येत नाही. डोंबिवलीच्या गच्चीवर किंवा कल्याणच्या वाड्यात नेम धरून पाहायची सोय नाही; त्यासाठी रेंजवर जावे लागते. म्हणजे वस्तू घरात, पण वापरण्याची जागा घरापासून कोसभर दूर.

निवडणुका आल्या की आणखी एक फेरा. आचारसंहिता लागते आणि हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सर्वांची हत्यारे जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. पण नोटीस हातात पडल्यावर न्यायालयाचे निकाल काढून दाखवणारे किती? लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद. ज्या दिवसांत गावात तणाव असतो, नेमक्या त्याच दिवसांत संरक्षणासाठी घेतलेले हत्यार घरात नसते.

कल्याणच्या जुन्या वस्तीतील एका घराची हकिकत आम्हाला जवळून माहीत आहे. मुरबाडकडे शेती होती तेव्हा दादांनी डुकरांसाठी बारा बोअरची दुनळी घेतली होती. शेती गेली, डुकरे गेली, दुनळी राहिली. दादा वारले आणि त्यांच्याबरोबर परवानाही संपला. कायद्याप्रमाणे अशी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. घरात ठेवली तर वारसच गुन्हेगार. मुलांनी ती विक्रेत्याकडे ठेवली आणि नवीन परवान्यासाठी अर्ज केला. मग चौकशीला हवालदार येऊ लागले. मुसलमान मोहल्ल्यात एखाद्या घरापुढे खाकी वर्दी दोनदा थांबली की गल्लीत काय कुजबुज होते, ते वाचकांना सांगायला नको. दोन वर्षे फेऱ्या झाल्या. साठवणुकीचे भाडे बंदुकीच्या किमतीला येऊन भिडले. विकावी तर घेणाराही परवानेवालाच हवा. शेवटी दादी नातवाला म्हणाल्या, “तुझ्या दादांनी साऱ्या उमरभर तिची राखण केली. तिनं एक रात्र आमची राखण केली नाही. देऊन टाक बाबा.” मिळेल त्या भावात ती दिली गेली. घरात त्या दिवशी कुणाला वाईट वाटले नाही, सगळ्यांना झोप लागली.

भीती आणि अमानत

आता थोडे कठीण बोलू. आपल्या जिल्ह्याने १९७० आणि १९८४ ची भिवंडी पाहिली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतर जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबांनी मुंब्रा-कौसा भरून गेला. अशा दिवसांनंतर तरुणांच्या मनात एक विचार हमखास येतो. घरात एखादे हत्यार असते तर! ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तिने सुचवलेला उपाय खोटा आहे.

सिनेनट संजय दत्त यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कुटुंबाच्या जिवाला धोका वाटला म्हणून हत्यार ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते. शस्त्र कायद्याखाली २००६ साली ते दोषी ठरले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांची केली. पैसा, नाव, खासदार वडील, सगळे असताना एका हत्याराने वीस वर्षे खाल्ली. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्या मोहल्ल्यातल्या पोराचे काय होईल?

आणि परवान्याच्या हत्याराने तरी काय साधते? २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनातच गोळीबार झाला. जमिनीच्या वादातून महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवील. आम्हाला एवढेच दिसते की ज्या जागी पोलीस पहाऱ्यावर होते, तिथेही कमरेला लावलेल्या पिस्तुलाने माणसे सुरक्षित झाली नाहीत, जखमी झाली. रागाचा एक क्षण पूर्वी शिवीत किंवा धक्काबुक्कीत विरून जाई. हत्यार हाताशी असले की तोच क्षण परत घेता येत नाही.

हदीसमध्ये एक साधी ताकीद आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जायचे असेल तर त्याची टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये. हत्यार बाळगणाऱ्याने आधी इतरांची काळजी वाहायची, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. म्हणजे हत्यार ही मिरवण्याची वस्तू नाही, ती अमानत आहे, आणि अमानतीचा हिशोब द्यावा लागतो.

नेमबाजीची खरी आवड असलेल्या मुलांसाठी वाट आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. ती वाटही खर्चाची आणि चिकाटीची आहे, पण तिथे समोर कागदाचे लक्ष्य असते, माणूस नसतो. ज्यांच्या घरात वडिलोपार्जित बंदूक अजून आहे, त्यांनी तिची कागदपत्रे आजच पाहून घ्यावीत, वारसांना अडकवून जाऊ नये. आणि ज्यांच्या मनात भीती आहे, त्यांनी ती हत्यारापाशी न नेता शेजाऱ्यापाशी, मोहल्ला कमिटीपाशी, वकिलापाशी न्यावी. तिथे नूतनीकरण लागत नाही, आणि निवडणूक आली म्हणून ती मदत कुणी जमा करून घेत नाही.