नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली का?

एखाद्या अभ्यासासाठी रुग्णाची माहिती हवी असली की आम्ही डॉक्टर सहज म्हणतो, "काळजी करू नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही." मीही हे वाक्य अनेकदा बोललो आहे. पण नाव काढलं की ओळख खरंच लपते का? त्यासाठी अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो.

१९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्या उपचारांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. हेतू चांगला होता. नाव-पत्ता काढला होता. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच ठेवले होते. माहिती सुरक्षित आहे, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनीच दिली होती.

मे १९९६ मध्ये वेल्ड एका पदवीदान समारंभात चक्कर येऊन कोसळले. त्यांना रुग्णालयात नेल्याची बातमी सगळीकडे झाली. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. वेल्ड राहत असलेल्या केंब्रिज शहराची मतदारयादी त्यांनी २० डॉलरला विकत घेतली आणि त्या नोंदींशी ताडून पाहिली. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले सहा. त्यांत पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा फक्त एक! गव्हर्नरसाहेबांचं निदान आणि औषधं नाव नसतानाही उघडी पडली.

पुढे स्वीनी यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून अंदाज काढला, की या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकन लोक ओळखता येऊ शकतात. नंतर दुसऱ्या एका संशोधकाने हा आकडा ६३ टक्के काढला. तोही काही थोडाथोडका नाही. अमेरिकेत २००३ पासून पाळाव्या लागणाऱ्या नियमांत ओळख काढण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तिच्यानुसार नोंदींतून १८ प्रकारचे तपशील काढायचे असतात. जन्मतारखेचं फक्त वर्ष ठेवता येतं.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाची गोपनीयता आणि संमती यांवर भर आहे. पण कागदावरचा नियम पुरेसा नसतो. लहान गावात "चाळिशीची शिक्षिका, एचआयव्ही" एवढं लिहिलं तरी गाव ओळखतं. आणि एकदा विश्वास उडाला, की माणूस आजार लपवतो, उपचार टाळतो. नुकसान त्याचंच होतं.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा:

१. माझी नेमकी कोणती माहिती घेणार?
२. ती कोण पाहणार?
३. नावाऐवजी क्रमांक देणार असाल, तर नाव-क्रमांकाची यादी कोणाकडे राहील?
४. नकार दिला तर माझ्या उपचारांत फरक पडेल का?

चौथ्याचं उत्तर "नाही" असंच असायला हवं. संशोधनाला घाबरू नका. आज आपण घेतो ती औषधं कोणा ना कोणा रुग्णाने दिलेल्या माहितीवरच उभी आहेत. फक्त, विचारायला संकोचू नका. उत्तर देणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे.