शितावरून खडकाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. खडकाचं तसं नाही. एका विहिरीत सच्छिद्र वालुकाश्म लागला, म्हणून पाचशे मीटरवरही तोच लागेल याची हमी कोण देणार? नैसर्गिक वायूच्या साठ्याचं त्रिमितीय मॉडेल उभारताना हा प्रश्न लाखो वेळा सोडवावा लागतो. तो सोडवण्याची रीत मात्र सोन्याच्या खाणीतून आली.

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणींत एक कोडं होतं. नमुन्यांवरून श्रीमंत वाटलेला पट्टा खणल्यावर अंदाजापेक्षा कमी भरे, गरीब ठरवलेला जरा बरा निघे. डॅनी क्रिगे या खाण अभियंत्यांनी ओळखलं, की चूक हिशेबात आहे. मोजक्या नमुन्यांवर भार टाकून अख्ख्या पट्ट्याची किंमत ठरत होती, भोवतालचे नमुने जमेला धरलेच जात नव्हते. 1951 साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातरॉन यांनी त्याला गणिताचा पाया दिला आणि पद्धतीला क्रिगेंचंच नाव दिलं. इंग्रजीतून ते 'क्रिगिंग' म्हणून जगभर गेलं. गणित मातरॉन यांचं असूनही नाव दुसऱ्याचं, हा मोठेपणा मला फार भावतो.

मातरॉन यांचं खरं हत्यार म्हणजे व्हेरिओग्राम. दोन नमुन्यांमधलं अंतर वाढत गेलं की त्यांच्यातला फरक किती वाढतो, याचा तो आलेख. प्राचीन नदीच्या वाळूत प्रवाहाच्या दिशेनं साम्य दूरवर टिकतं, आडव्या दिशेनं लवकर संपतं. आपल्या वसईच्या समुद्रातला वायू तर चुनखडकात आहे, तिथे व्हेरिओग्राम नव्यानंच काढावा लागतो. शिवाय क्रिगिंग नुसता अंदाज देत नाही, तो किती चुकू शकतो हेही सांगतं.

क्रिगिंगची गरज किती, ते कोअर हातात घेतला की कळतं. विहिरीतून काढलेला हा खडकाचा दंडगोल साधारण 10 सेंटिमीटर जाडीचा. त्यावर पाण्याचा थेंब टाकावा, चांगला वालुकाश्म तो बघता बघता पिऊन टाकतो. पण मॉडेलमधला एक कप्पा 100 मीटर लांब, 100 मीटर रुंद, 1 मीटर जाड असेल, तर तो एक मीटर लांबीच्या कोअरच्या दहा लाख पटींहून मोठा. असे लाखो कप्पे. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून थर आणि प्रस्तरभंग यांचा सांगाडा मिळतो, कप्पे भरायचं काम आकडेशास्त्राचं.

इथे क्रिगिंगचीही एक खोड आहे. ते सगळं गुळगुळीत करतं. वायूची वाट अडवणारा शेलचा पातळ पडदा सरासरीत हरवतो. म्हणून आता एकाच साठ्याची अनेक मॉडेलं करतात. सगळी विहिरींशी जुळणारी, तरी प्रत्येक वेगळं.

अशा मॉडेलांना कधी वेगळंच काम लागतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला 1959 साली सुमारे 3 किलोमीटर खोल, 2800 अब्ज घनमीटरांच्या घरातला वायू सापडला. वायू उपसला तसा दाब उतरला, वालुकाश्म दबला, जमीन हादरू लागली. 2012 साली हाउझिंगेत 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. वायू मोजायला केलेली मॉडेलं मग घरांना किती धोका आहे हे मोजायला लागली. 1 ऑक्टोबर 2023 रोजी तिथलं उत्पादन थांबलं. हादरे अजून बसतात.