बाद ठरलेले काडतूस
लंडनच्या रिग्बी पेढीने १८९८ मध्ये ०.४५० इंच व्यासाचे, कॉर्डाइट या निर्धूर दारूचे काडतूस काढिले. गोळी ४८० ग्रेन वजनाची. गवा-हत्तींच्या शिकाऱ्यांस ते वरदानच वाटले. परंतु फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचा व्यासही तोच. काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोर त्या बंदुकांत वापरतील, या धास्तीने इंग्रज सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे ह्या व्यासावर बंदी घातली. वास्तविक १८७८ च्या कायद्याने रयतेची शस्त्रे आधीच हिरावलेली! सरकारास वाघापेक्षा प्रजेचेच भय अधिक, असे आम्हांस वाटते. कारखानदार मात्र हुशार. त्यांनी व्यास किंचित वाढवून ०.४६५, ०.४७० अशी काडतुसे विकावयास आणिली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाची शिकारच निषिद्ध झाली.