कावसजीचं नाक

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज लढाई संपल्यानंतरची गोष्ट सांगणार आहे.

तिसरं म्हैसूर युद्ध, १७९० ते १७९२. एका बाजूला इंग्रज, मराठे आणि निजाम; दुसऱ्या बाजूला टिपू सुलतान. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा एक मराठा गडी बैल हाकायच्या कामावर होता. त्या काळी तोफा आणि दाणागोटा बैलांच्या जिवावर चालायचा. कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला.

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबईच्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक बारीक पट्टी मात्र कापायची नाही. जुन्या नाकाच्या जागेवरचा व्रण खरवडून काढायचा. कातडी पिळा देऊन खाली आणायची आणि कडा खाचेत बसवायच्या. वर पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची.

आता प्रत्येक पायरीमागचं कारण बघा. आपल्या शरीराचा प्रत्येक पृष्ठभाग, बाहेरचा असो वा आतला, एका अस्तराने झाकलेला आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला अभिस्तर ऊती म्हणतात. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून, रांगेत उभ्या. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. तिची रसद खालच्या थरातून पाझरत येते. फौजी भाषेत सांगायचं तर ही सीमेवरची चौकी आहे आणि रसदीचा रस्ता तुटला की चौकी पडते. भुवयांमधली पट्टी हा तोच रस्ता. नव्या जागी रक्तपुरवठा जुळेपर्यंत तो तोडायचा नाही.

दुसरी गोष्ट. अभिस्तराचं काम वेगळं ठेवण्याचं. त्याने झाकलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून तर तोंड मिटलं तरी ओठ चिकटत नाहीत. व्रणावरही हे अस्तर आलेलं असतं. तो खरवडल्याशिवाय नवी कातडी धरणार नाही. उलट नाकपुडीच्या आत उघडं मांस समोरासमोर आलं तर भोकच बुजेल, म्हणून बोळे. एकीकडे जुळवायचं, दुसरीकडे जुळू द्यायचं नाही. त्या कारागिराला हे दोन्ही ठाऊक होतं.

त्या वेळी या अस्तराचे प्रकार कोणी लावलेलेही नव्हते. ते काम जर्मनीच्या याकोब हेन्लेने १८३० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली केलं. फुफ्फुसाच्या वायुकोशांत एकाच थराच्या चपट्या पेशी, प्राणवायू सहज आरपार जावा म्हणून. मूत्रपिंडाच्या नलिकांत चौकोनी. आतड्यात खांबासारख्या उभ्या, अन्नरस शोषणाऱ्या. नाकाच्या आत बारीक केसांची झालर, धूळ बाहेर ढकलणारी. आणि त्वचेवर थरावर थर, घासलं तरी न झिजणारे, कारण खालून नवी कुमक येतच असते.

मासिकातली हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली. त्याचे दोन्ही रुग्ण सैनिक अधिकारी होते. दुसरा, लॅथम, १८११ च्या अल्बुएराच्या लढाईत निशाण वाचवताना नाक आणि एक हात गमावून बसला होता. म्हणजे कावसजीसारखीच जखम. पण लॅथम वीर ठरला आणि कावसजी नुसता बैलवाला राहिला.

मी तरुण अधिकारी असताना, एका उंच चौकीवर रॉकेलची बुखारी भडकून आमचा एक जवान भाजला. आग विझली, तो शुद्धीवर होता. मला वाटलं, वाचला. डॉक्टर म्हणाले, ‘साहेब, खरी लढाई आता सुरू. अस्तर गेलं की शरीरातलं पाणी बाहेर आणि जंतू आत.’ मांडीची कातडी काढून त्याच्या चेहऱ्यावर बसवली. कित्येक आठवडे त्याने आरसा मागितला नाही. ज्या दिवशी मागितला, त्या दिवशी मी निश्चिंत झालो.

सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक जोडायची रीत आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण कावसजीचं नाव कागदावर राहिलं, बघणाऱ्या डॉक्टरांचं राहिलं, आणि ज्याच्या हातांनी काम केलं त्याचं मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. ज्ञान आपलं होतं म्हणताना हेही आपलंच आहे, एवढं लक्षात ठेवू या.

जय हिंद.