पंच, झेंडी आणि ट्राय

मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. नागरिकशास्त्राचा तास मुलांना नकोसा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही! फळ्यावर तीन चौकोन काढायचे : कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. मध्ये बाण दाखवायचे आणि घंटा होण्याची वाट पाहायची. १९९७ नंतर कधीतरी एका मुलानं विचारलं, "गुरुजी, ते टेलिफोनवाली ट्राय कोणत्या चौकोनात येते जी?" मला उत्तर आलं नाही. "पुढच्या तासाला सांगतो," म्हटलं. तो पुढचा तास आला नाही, म्हणून आज लिहितो आहे.

आमच्या पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, शंकरपट भरतात. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्यात एक नियम पाळावाच लागतो : ज्याची जोडी धावते त्याच्या हाती झेंडी द्यायची नाही. झेंडी धरणारा तिसराच माणूस हवा. आता आपल्या दूरसंचार खात्याकडे पाहा. १८८५ च्या तार कायद्यानं तारा टाकण्याचा, संदेश पोचवण्याचा अनन्य हक्क सरकारला दिला होता. इंग्रज गेले तरी कायदा राहिला. त्यामुळे फोन देणारं खातं तेच, दर ठरवणारं तेच, धोरण आखणारं तेच. मुंबई-दिल्लीत १९८६ साली महानगर टेलिफोन निगम आली, पण तीही सरकारचीच. सगळी जोडी एकाच्याच गोठ्यातली असते तोवर झेंडी कोणाच्या हाती याचा वाद निघत नाही. तक्रार एवढीच असायची, की फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं खाजगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाईल फोन लावला. म्हणजे दुसऱ्याची जोडी पटावर उतरली, आणि झेंडी मात्र अजून खात्याच्याच हाती! ब्रिटननं १९८४ साली ब्रिटिश टेलिकॉमचं खाजगीकरण करताना ऑफटेल नावाचा नियामक त्याच सुमाराला उभा केला होता. अमेरिकेत तर १९३४ पासून एक आयोग आहे. आपण मात्र आधी पट सुरू केला आणि मग पंच शोधायला निघालो. अखेर जानेवारी १९९७ मध्ये वटहुकूम निघाला, त्याच वर्षी संसदेनं कायदा केला, आणि भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अस्तित्वात आलं. भंडाऱ्याचे खासदार तेव्हा प्रफुल्ल पटेल होते. त्या कायद्याची चर्चा आमच्याकडे चहाच्या टपरीवरही झाल्याचं मला आठवत नाही. धानाचा भाव आणि गोसीखुर्दचं पाणी यापलीकडे दिल्लीचा विषय आमच्याकडे फारसा निघत नाही. असो.

त्या पहिल्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती. अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश, आजी वा माजी, असाच माणूस हवा. त्याला मनात आलं म्हणून घरी पाठवता येणार नव्हतं. पहिले अध्यक्ष झाले न्यायमूर्ती एस. एस. सोढी. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश.

सोढींच्या ट्रायनं खरोखरच झेंडी धरायला सुरुवात केली, आणि तिथंच घोटाळा झाला. सरकारी कंपनीच्या मोबाईल परवान्यात हात घातला, तेव्हा सरकार उच्च न्यायालयात गेलं. परवाना देणारं सरकार हे ट्रायच्या हुकमतीत येत नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं १९९८ मध्ये दिला. म्हणजे धावणाऱ्या जोडीला पंचानं बोलायचं, पण पाटलाच्या जोडीला नाही!

पुढे मार्च १९९९ मध्ये ट्रायनं दरांचा आदेश काढला. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण यात मीही होतो. त्या वेळी एसटीडी भयंकर महाग होती. पुण्याला भावाशी बोलायचं तर साकोलीच्या बूथवर रात्री उशिरा जायचं, कारण उशिरा दर उतरत. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळत असायचे, नजर भावाच्या बोलण्याकडे नाही तर त्या आकड्यांकडे. मात्र महिन्याचं भाडं आणि गावातल्या गावातला कॉल स्वस्त होता. लांबच्या कॉलमधून येणारा पैसा जवळच्या कॉलची तूट भरून काढत असे. ट्रायचं म्हणणं असं, की ज्या सेवेला जो खर्च येतो तो तिथंच दिसला पाहिजे. म्हणून एसटीडी, आयएसडी खाली आणायची आणि भाडं व स्थानिक कॉल थोडे वर न्यायचे. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण ओरड झाली. गरिबाचा फोन महागणार, खेड्यावर अन्याय होणार, असं राजकारणी म्हणू लागले. शिक्षकांच्या खोलीत मीही तावातावानं म्हटलं होतं, "लोकांनी निवडून न दिलेली चार माणसं आमचं भाडं ठरवणार कोण?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. नागरिकशास्त्राचा मास्तर म्हणून माझी अडचण तीच आहे. संसद लोकांची. ट्राय कोणाची? खासदाराला पाच वर्षांनी दारात यावं लागतं, ट्रायच्या सदस्याला यावं लागत नाही. मग संसदेनं ट्रायचा कान धरला तर त्याला हस्तक्षेप म्हणायचं की कर्तव्य?

कायद्यानं याचं उत्तर एका ठिकाणी दिलं आहे, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ट्रायनं केलेला प्रत्येक विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो. दोन्ही सभागृहांनी मिळून ठरवलं तर तो बदलता येतो, रद्दही करता येतो. म्हणजे कान धरायचा तर उघड्यावर, वाद घालून, कारण सांगून. झेंडी चुकली असं पटावर सगळ्यांदेखत म्हणायचं. २००० साली जे झालं ते याहून अगदी वेगळं होतं.

त्याआधी आणखी एक तंटा झाला. मोबाईलवर तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि घंटी वाजली की मालकाच्या पोटात गोळा! ट्रायनं १९९९ मध्ये ठरवलं, की जो फोन करील त्यानं पैसे द्यावेत. सरकारी कंपनी आणि काही ग्राहक संस्था न्यायालयात गेल्या. जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. (येणारे कॉल फुकट व्हायला २००३ साल उजाडलं.) आणि त्याच महिन्यात, २४ जानेवारी २००० ला, अधिवेशन सुरू नसताना सरकारनं वटहुकूम काढला. ट्रायचे तंटे सोडवण्याचे अधिकार काढून टीडीसॅट नावाच्या नव्या अपील न्यायाधिकरणाकडे दिले. अध्यक्ष न्यायाधीशच हवा ही अट गेली. आणि सोढी व त्यांचे सदस्य यांची पदं संपली.

ना चौकशी, ना आरोप. पंच नको झाला म्हणून पंचाची जागाच मोडली, नवी बांधली आणि त्यावर नवा माणूस बसवला. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात संसदेनं त्याला कायद्याचं रूप दिलं. नवे अध्यक्ष एम. एस. वर्मा, भारतीय स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष. माणूस नावाजलेला होता, त्याबद्दल दुमत नाही. टीडीसॅटची कल्पनाही वाईट नव्हती. नियम करणारा आणि तंटा सोडवणारा वेगळा असावा हे तत्त्व योग्यच, आणि नव्या परवान्यांबाबत सरकारनं आधी ट्रायची शिफारस मागितलीच पाहिजे, हे बंधनही त्याच दुरुस्तीत आलं. म्हणूनच हा प्रकार मुलांना समजावणं कठीण. चांगल्या सुधारणेच्या गाठोड्यात एक नको असलेला माणूस बांधून बाहेर काढला होता. गाठोडं उघडून दाखवलं तर लोक म्हणतात, अहो, पण कापड चांगलं आहे ना!

आणखी एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकार ट्रायला लेखी आदेश देऊ शकतं आणि ते ट्रायवर बंधनकारक असतात. ठीक आहे. पण एखादी बाब धोरणाची आहे की नाही, हे कोणी ठरवायचं? तेही सरकारनंच, आणि त्याचा निर्णय अंतिम! त्यातून ट्रायचा खर्च चालतो सरकारी अनुदानावर. नोकरीत असताना शाळेचं अनुदान अडलं की आमचे आवाज कसे खाली येत, ते मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे या गोष्टीचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको.

टू-जीची कथा सर्वांना पाठ आहे, ती थोडक्यात उरकतो. ऑगस्ट २००७ मध्ये ट्रायनं शिफारशी केल्या. सरकारनं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, आणि जानेवारी २००८ मध्ये १२२ परवाने वाटले. २०१० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, संयुक्त संसदीय समिती बसली, २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळे परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयात आरोपी सुटले. २००७ मध्ये ट्रायचे अध्यक्ष होते नृपेंद्र मिश्र. हे नाव लक्षात ठेवा.

कायद्यात तरतूद होती, की ट्रायच्या अध्यक्षानं पद सोडल्यावर पुन्हा केंद्राची किंवा राज्याची नोकरी घ्यायची नाही. पटावर झेंडी धरणाऱ्याला जर ठाऊक असेल की पट संपल्यावर पाटील आपल्याला दिवाणजी करणार आहे, तर त्याची झेंडी कोणत्या बाजूला झुकेल हे कोणीही सांगेल. मे २०१४ मध्ये नवं सरकार आलं. पंतप्रधानांना प्रधान सचिव म्हणून मिश्र हवे होते आणि कायदा आडवा येत होता. २८ मे रोजी, म्हणजे शपथविधीला दोन दिवस होतात न होतात तोच, वटहुकूम निघाला. जुलैत संसदेनं दुरुस्ती मंजूर केली : दोन वर्षांनंतर नोकरी चालेल, आणि त्याआधी घ्यायची तर सरकारच्या परवानगीनं. काँग्रेसनं विरोध केला, पण विधेयक सहज पार पडलं. इतर नियामकांना अशी बंदी नाही, मग ट्रायलाच का, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. पण मग बंदी सगळ्यांना लावायची, की एकाची काढायची? निवृत्तीनंतरच्या नोकरीच्या आशेचा परिणाम निवृत्तीआधीच्या निकालांवर होतो, असं अरुण जेटली विरोधी बाकांवर असताना न्यायाधीशांबद्दल बोलले होते. बाक बदलला की दृश्य बदलतं. भंडारा-गोंदियाचे खासदार त्या वेळी भाजपचे नाना पटोले होते, पुढे ते काँग्रेसमध्ये गेले.

मिश्र यांच्या सचोटीवर मी बोलत नाही. एका माणसासाठी कायदा वाकवला आणि संसदेनं तो वाकवू दिला, एवढंच माझं म्हणणं.

आणि ज्या ठिकाणी संसदेनं खरोखर हात घालायला हवा होता, तिथं काय झालं? बोलता बोलता कॉल तुटल्यास कंपनीनं ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला फार तर तीन, असा विनियम ट्रायनं केला. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू व्हायचा होता. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. तो मनमानी आहे आणि करतानाची पद्धत पारदर्शक नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याच निकालात न्यायालयानं संसदेला सुचवलं, की नियम करण्यापूर्वी लोकांचं म्हणणं ऐकून त्याला कारणांसह उत्तर देण्याची पद्धत घालून देणारा कायदा करावा. असा सर्वंकष कायदा काही झाला नाही. एका सचिवाच्या नेमणुकीला दोन महिने लागले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि १८८५ चा जुना कायदा निरोप घेऊ लागला. इतिहासाच्या शिक्षकाला हा दिवस मोठा वाटायला हवा. पण विधेयक १८ तारखेला मांडलं, २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते. आपल्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही त्यांत होते. याच कायद्यानं ट्रायच्या अध्यक्षपदासाठी खाजगी कंपन्यांतल्या अनुभवी माणसांनाही वाट मोकळी केली. १९९७ मध्ये न्यायाधीश हवा होता, २०२३ मध्ये कंपनीचा माजी मुख्य अधिकारीही चालतो. एकशे अडतीस वर्षांचा कायदा बदलायला चार दिवस पुरले. आमच्या ग्रामसभेत नालीचा ठराव याहून जास्त वेळ घेतो, हे मी गमतीनं म्हणत नाही.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकदमच रिचार्ज महाग केले. मोबाईलचे दर ठरवण्याचं काम ट्रायनं बऱ्याच वर्षांपासून बाजारावर सोडलं आहे. त्यानंतर शेजारची आजी माझ्याकडे बटणांचा फोन घेऊन आली. "गुर्जी, माह्या फोनात नेट नाही. मंग नेटचा पैसा मी काहून देऊ?" मला काही सांगता आलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायनं विनियम बदलला, की ज्यांना फक्त बोलायचं आणि संदेश पाठवायचे आहेत त्यांच्यासाठी इंटरनेट नसलेला रिचार्ज कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे. जानेवारीत ते आले. किंमत पाहून आजी म्हणाली, "हे तं फार कमी नाही झालं जी." खरंच फार कमी नव्हतं. पण दुकानदारानं तिला तो रिचार्ज दिला, आणि तिनं माझ्या ओट्यावर बसूनच तुमसरच्या लेकीला फोन लावला.