तबकडीतला पहारेकरी

ऑक्टोबर २००५. विंडोजच्या पोटात काय चालतं हे नेमकं जाणणारा अमेरिकी प्रोग्रामर मार्क रुसिनोविच लपलेल्या फायली शोधायचं आपलंच एक साधन तपासून बघत होता. त्याच्या स्वतःच्या संगणकात त्याला एक लपवलेलं फोल्डर सापडलं. माग काढत तो पोचला व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांच्या सीडीपाशी. रीतसर पैसे मोजून घेतलेली सीडी! ३१ ऑक्टोबरला त्याने हे सगळं जाहीर केलं.

सीडी सोनी बीएमजीची होती आणि तिच्यावर 'एक्ससीपी' नावाचं संरक्षण होतं. फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने ते बनवलं होतं. तीनपेक्षा जास्त प्रती निघू नयेत, एवढंच त्याचं काम.

अडचण मुळातच होती. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या रचनेत कुलपाला जागाच नाही. ध्वनी उघडा लिहिलेला, कारण कुठल्याही प्लेअरवर ती वाजली पाहिजे. तबकडीला कुलूप लागत नाही, मग ते श्रोत्याच्या संगणकाला लावायचं. पण संगणक त्याचा, तो कुलूप काढून टाकेल. म्हणून ते दिसूच द्यायचं नाही. (मराठी टंकांसाठी आपल्या डीटीपीवाल्यांना संगणकामागे खोचावं लागायचं ते 'लॉक' निदान डोळ्यांना दिसायचं.)

एक्ससीपीने विंडोजलाच आंधळं केलं. विशिष्ट अक्षरांनी नाव सुरू होणारी कुठलीही फाइल अदृश्य व्हायची, मग ती कुणाचीही असो. काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी हा आडोसा वापरला. हाताने काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. आणि परहक्क जपायला निघालेल्या या प्रोग्राममध्ये 'लेम' या मुक्त प्रोग्रामचे तुकडे सापडले, त्याच्या परवान्याच्या अटी न पाळता वापरलेले.

प्रिन्स्टनचे संशोधक हाल्डरमन आणि फेल्टन यांनी पुढे या व्यवहाराची चिकित्सा केली. त्यांचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: संरक्षण विकणारा आणि घेणारा यांचे हितसंबंध एक नसतात. छोट्या कंपनीला बाजारात पाय रोवायचे असतात, ती मोठा धोका पत्करते. पत जाते ती रेकॉर्ड कंपनीची. खरेदी करताना 'कॉपी अडते का' हे तपासणं सोपं असतं. 'कशी अडते' हे विचारायला श्रोत्याच्या बाजूचं कुणीतरी टेबलाशी बसावं लागतं.

सोनी बीएमजीचे एक वरिष्ठ अधिकारी रेडिओवर म्हणाले की, बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी फिकीर कशाला करावी? त्या महिन्यात लोक ते शिकले. कंपनीने काढून टाकायचं साधन दिलं, तर त्यानेच नवं भगदाड पाडलं. कुठलीही वेबसाइट त्यातून संगणकात शिरू शकत होती. नोव्हेंबरच्या मध्यावर ५२ अल्बम परत बोलवावे लागले. सुमारे ४७ लाख सीडींपैकी २१ लाख विकल्या गेल्या होत्या. टेक्सास राज्याने खटला भरला. २००७च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत बिघडलेल्या संगणकामागे १५० डॉलरपर्यंत भरपाई ठरली.

चोरून एमपीथ्री उतरवणाऱ्यांच्या संगणकात यातलं काही शिरलं नव्हतं. आणि ज्यांनी सीडी विकत घेतली होती, त्यांना बदल्यात काय मिळालं? बिनकुलपाची सीडी, आणि त्याच गाण्यांच्या एमपीथ्री.