जेने येथील लोकजीवन

जेने : पश्चिम आफ्रिकेतील माली प्रजासत्ताकाच्या मोप्ती विभागातील एक प्राचीन नगर. लोकसंख्या भोवतालच्या खेड्यांसह सु. ३३,००० (२००९). सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल या निमओसाड पट्ट्यात, नायजरची उपनदी बनी हिच्या पूरमैदानावर, टिंबक्टूच्या नैर्ऋत्येस सु. ३५० किमी. वर ते वसले आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पुराचे पाणी चहूकडे पसरले, की उंचवट्यावरील या नगराला बेटाचे रूप येते. पूरमैदानात दगड मिळत नाही आणि इमारती लाकूडही दुर्मिळ आहे; त्यामुळे जुन्या नगरातील जवळजवळ सर्व इमारती मातीच्या आहेत. मातीची भिंत दर पावसाळ्यात झिजते. साहजिकच येथील कोणतीही इमारत एकदा बांधून पुरी होत नाही. ती वरचेवर लिंपावी लागते. हे काम ज्या सामाजिक संबंधांच्या आधारे शतकानुशतके होत आले, त्यांतच जेनेच्या लोकजीवनाचे वैशिष्ट्य आढळते.

इतिहास : विद्यमान नगराच्या आग्नेयीस सु. ३ किमी. वर जेने-जेनो (प्राचीन जेने) हे पांढरीचे टेकाड आहे. रॉडरिक व सूझन मॅकिन्टॉश या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तेथे १९७७ व १९८१ मध्ये उत्खनने केली. त्यांवरून इ. स. पू. सु. २५० पासून तेथे लोखंड वापरणाऱ्या व भात पिकविणाऱ्या लोकांची वस्ती होती व इ. स. नवव्या शतकापर्यंत तिचे तटबंदीयुक्त नगर बनले होते, असे दिसून आले. पश्चिम आफ्रिकेत नगरे उदयास आली ती अरब व्यापाऱ्यांच्या आगमनानंतर, हा पूर्वीचा समज या शोधामुळे मागे पडला. उत्खननात राजवाडा किंवा बालेकिल्ला यांचे अवशेष सापडले नाहीत. यावरून निरनिराळे व्यवसाय करणारे गट एका राजसत्तेच्या दडपणाविनाही परस्परांच्या आधाराने नगरात नांदत असावेत, असे या संशोधकांचे मत आहे. सु. १४०० पर्यंत ही वस्ती ओस पडली.

सतराव्या शतकातील इतिहासकार अल्-सादी याच्या तारीख अल्-सुदान या अरबी ग्रंथानुसार जेनेचा राजा कोई कोनबोरो याने इस्लाम धर्म स्वीकारून आपल्या वाड्याच्या जागी मशीद उभारली. ही घटना सामान्यतः तेराव्या शतकातील मानतात. दक्षिणेकडील सोने व कोला फळे आणि सहारातील मीठ यांच्या व्यापाराचे जेने हे मोठे केंद्र होते. येथून माल होड्यांनी टिंबक्टूस जाई. टिंबक्टूच्या भरभराटीचे श्रेय अल्-सादीने जेनेला दिले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोंघाय राजा सोन्नी अली याने दीर्घ वेढ्यानंतर नगर जिंकले. १५९१ च्या मोरोक्कन स्वारीनंतर सोंघाय सत्ता कोसळली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासिना राज्याचा संस्थापक सेकू अमदू याने आणि १८९३ मध्ये फ्रेंच सेनानी लुई आर्शिनार याने जेने घेतले. फ्रेंच अमदानीत बनी-नायजर संगमावरील मोप्ती बंदर वाढले, व्यापार तिकडे वळला आणि जेने हे एक शांत गाव बनले.

समाज व व्यवसाय : बोझो हे मच्छीमार परिसरातील मूळ रहिवासी समजले जातात. नगर टिकावे म्हणून तापामा या बोझो मुलीला तटात जिवंत चिणले, अशी दंतकथा असून तिचे म्हणून मानले जाणारे थडगे नगरात दाखवितात. बोझोंखेरीज पशुपालक फुलानी, शेती करणारे बांबारा, तसेच सोंघाय इ. लोक येथे राहतात. सोंघाय भाषेची जेने चीनी ही बोली बहुतेकांना समजते. मशिदीपुढील पटांगणात दर सोमवारी भरणाऱ्या बाजारात मासळी, दूधदुभते, भात, ज्वारी-बाजरी, मातीची भांडी व मातीच्या रंगाने नक्षी काढलेली सुती वस्त्रे यांची देवघेव होते. एका जमातीचे उत्पन्न ही दुसरीची गरज असल्याने हा बाजार सलोख्याचेही साधन ठरला. जेने हे इस्लामी विद्येचे जुने केंद्र असून कुराणपाठशाळांत मुले लाकडी पाट्यांवर धडे गिरवितात. अनेक घराण्यांनी जतन केलेली अरबी लिपीतील हस्तलिखिते आता नगरातील ग्रंथालयात ठेवण्यात येत असून एकविसाव्या शतकात त्यांपैकी अनेकांच्या संगणकीय प्रती तयार करण्यात आल्या.

गवंडी व त्यांचा संघ : जेनेच्या गवंड्यांची कीर्ती दूरवर पसरली आहे. त्यांपैकी बरेच बोझो आहेत. ‘बारे टोन’ हा त्यांचा संघ मजुरीचे दर ठरवितो, तंटे मिटवितो व मशिदीच्या लिंपणाची व्यवस्था पाहतो. प्रत्येक कुटुंबाचा गवंडी ठरलेला असून हे नाते बहुधा पिढीजात असते. मुले लहान वयातच उमेदवारीस लागतात आणि पाहून, हाताखाली राबून शिकतात. कसबाबरोबरच घराच्या रक्षणासाठी म्हणावयाचे मंत्र व प्रार्थना ही देखील गुरूकडून मिळणारी विद्या होय. पूर्वी हाताने वळलेल्या दंडगोलाकार विटा वापरीत. १९३० नंतरच्या काळात साच्यातील चौकोनी विटांनी त्यांची जागा घेतली. स्थानिक भाषेत या विटांच्या नावाचा अर्थ ‘गोऱ्यांच्या विटा’ असा आहे. घरे धाब्याची व बहुधा दुमजली असून पावसाचे पाणी पन्हळींतून भिंतीपासून दूर सोडतात.

मशीद : जुनी मशीद सेकू अमदूला पसंत नव्हती. त्याने ती पाडली नाही. परंपरेनुसार तिच्या पन्हळी बुजविण्यात आल्या आणि उरलेले काम पावसाने केले. फ्रेंच प्रवासी रने काय्ये याने १८२८ मध्ये ती उपेक्षित अवस्थेत पाहिली. सेकू अमदूने १८३४–३६ च्या सुमारास जवळच दुसरी मशीद बांधविली. मूळ जागी विद्यमान मशीद १९०७ मध्ये पूर्ण झाली. गवंडी संघाचा प्रमुख इस्माइला त्राओरे याच्या देखरेखीखाली हे काम झाले. तिच्या रचनेवर फ्रेंचांचा प्रभाव कितपत आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सु. ७५ मी. लांबी-रुंदीच्या जोत्यावर ती उभी असून पूर्वेकडील भिंतीस तीन मनोरे आहेत. त्यांच्या शिखरांवर शहामृगाची अंडी बसविली आहेत. भिंतींतून बाहेर आलेल्या ताडाच्या वाशांच्या जुड्या शोभेप्रमाणेच गवंड्यांना चढण्यासाठीही उपयोगी पडतात.

लिंपणाचा उत्सव : पावसाळ्यापूर्वी, बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास, गवंडी व वडीलधारे मंडळी लिंपणाचा दिवस ठरवितात. नदीकाठची माती भाताच्या तुसात कालवून काही आठवडे कुजत ठेवतात. मुले ती खेळत खेळत तुडवितात. आदली रात्र तरुण जागून काढतात. पहाटे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे गट चिखलाच्या टोपल्या घेऊन मशिदीकडे धावतात व प्रथम कोण पोहोचतो, याची चढाओढ लागते. स्त्रिया व मुली पाणी वाहतात, तरुण गवंडी शिड्यांवर व वाशांवर चढून हातांनी गिलावा करतात आणि वृद्ध गवंडी खाली बसून सूचना देतात. एवढे मोठे काम काही तासांत उरकते. ज्याचे-त्याचे काम वय, व्यवसाय व मोहल्ला यांनुसार ठरलेले असल्याने हा उत्सव नगराच्या समाजरचनेचे दर्शनच घडवितो.

आधुनिक काळ : संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संघटनेने १९८८ मध्ये जेने-जेनोसह येथील प्राचीन वसाहती व जुने नगर यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. १९९६ नंतर नेदर्लंड्सच्या साहाय्याने सु. १०० घरांची दुरुस्ती झाली. या मानाबरोबर अडचणीही आल्या. तूस महागले, गवंड्याची मजुरी परवडेनाशी झाली. काही घरमालकांनी भिंतींना भाजलेल्या फरश्या लावल्या. वारसातज्ञांना त्या अनुचित वाटल्या, तर रहिवाशांना वारंवारच्या लिंपणातून सुटका हवी होती. सप्टेंबर २००६ मध्ये दुरुस्तीपूर्व पाहणीसाठी मशिदीचे छप्पर उकरले जात असल्याचे पाहून जमाव खवळला व दंगल झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये अतिवृष्टीने एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. त्यानंतरच्या दुरुस्तीत वर्षानुवर्षे साचलेले गिलाव्याचे जाड थर उतरविण्यात आले. २०१२ पासून मालीत उसळलेला सशस्त्र संघर्ष पुढे मध्य भागात पसरला, पर्यटन जवळजवळ थांबले आणि २०१६ मध्ये युनेस्कोने जेनेची नोंद संकटग्रस्त वारसास्थळांत केली.

या काळातही मशिदीचे लिंपण चालू राहिले. प्रवासी येईनासे झाल्यावरही नगरवासी टोपल्या घेऊन धावतात, यावरून हा उत्सव परक्यांना दाखविण्यासाठी नसून स्वतःच्या गरजेतून होतो, हे स्पष्ट होते. जुन्या मशिदीच्या ऱ्हासास बुजविलेल्या पन्हळी व काही पावसाळे पुरेसे ठरले होते. आजची मशीद शतकाहून अधिक काळ उभी आहे, ती प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या हाती टोपली दिल्यामुळे. जेनेचे भवितव्य म्हणूनच भिंतींच्या मजबुतीपेक्षा गवंड्यांची उमेदवारी, मोहल्ल्यांचे सहकार्य आणि सोमवारच्या बाजारातील सलोखा टिकण्यावर अवलंबून आहे.